झिरा लागल्याशिवाय तळ नाही

उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठे जाणार, असं मी शिकवायचो त्या शाळेत कुणी विचारलं की मी ‘नदीवर’ म्हणायचो, आणि विचारणारा मान हलवून दुसऱ्याकडे वळायचा. आमच्या वसमतकडे माणसं नदीवर धुणं घेऊन जातात, वाळू आणायला जातात, दहाव्याला जातात. सुट्टी घालवायला कुणी जात नाही. आम्ही जात होतो. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यापासून, एखाददुसरं वर्ष सोडलं तर, दर चैत्रात आमचा तळ कयाधूच्या वाळूवर पडत आला.

ही हौस माझी नव्हती, माझ्या बायकोची. डोंगरकडा गाव मागे टाकून आत शिरलं की तिचं माहेर. तिचे वडील नदीच्या वाळूत टरबुजांची वाडी लावायचे. वेलांना फळं धरली की कोल्ह्यांपासून ती राखायला अख्खं घर वाळूवर राहायला यायचं. पऱ्हाट्यांची खोपी, बाहेर तीन दगडांची चूल, वर आभाळ. शाळेला बुट्टी. त्या वाड्या पुढे बंद झाल्या, वडीलही गेले. पण वाळूवर झोपायची तिची सवय गेली नाही. लग्न झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात तिनं हळदीवर अंथरायची ताडपत्री, दोन भांडी आणि मला, असं सगळं तिथं नेऊन टाकलं. मी पायांत बूट-मोजे घालून आणि पिशवीत पुस्तकं भरून गेलो होतो. तिची धाकटी बहीण, माझी मेहुणी, तेव्हा कॉलेजात होती. तिनं मला पाहून विचारलं होतं, “दाजी, नदीवर परीक्षा हाय का तुमची?”

पुढे मुलगी झाली, मेहुणीचं लग्न झालं, तिचा नवराही येऊ लागला. ताडपत्रीच्या जागी मुलीनं ऑनलाइन मागवलेला चेनचा तंबू आला. तळाचा नियम मात्र पहिल्या दिवसापासून एकच होता, आणि तो बायकोनं वडिलांकडून घेतला होता : झिरा लागल्याशिवाय तळ नाही.

झिरा म्हणजे वाळूत खणलेला पाण्याचा खड्डा. चैत्रात कयाधू वाहत नाही. इथं तिथं हिरवे डोह उरतात, त्यांत म्हशी बसतात. पण वाळूच्या पोटात पाणी असतं. बरोबर जागी दोन-तीन हात खणलं की ते वर येतं. आधी गढूळ, मग उपसून उपसून टाकलं की काचेसारखं. खड्ड्याच्या कडा ढासळू नयेत म्हणून त्यात बुड नसलेली तुराट्यांची टोपली बसवायची. पहिला तांब्या नदीला परत द्यायचा, मग माणसांनी प्यायचा. तोवर सामान गाडीतून उतरवायचं नाही, चूल मांडायची नाही, तंबूची खुंटी ठोकायची नाही. वाटेत लागणारं पाणी बाटल्यांत आणलेलं चालायचं. तळावर मात्र झिऱ्याचंच पाणी. एका वर्षी पाणी लागायला संध्याकाळ झाली. मुलगी लहान होती, तिनं रडून वाळू भिजवली. बायकोनं खड्ड्यातूनच हुकूम सोडला, “काकडी खा!” आम्ही सगळ्यांनी दिवसभर काकड्या खाल्ल्या, आणि संध्याकाळी मिळालेलं ते पाणी मुलीला अजून आठवतं.

झिरा तीच खणायची. आम्ही बाकीचे काठावरच्या करंजाखाली बसायचो. माझ्याकडे लसूण सोलायचं काम होतं, आणि ते एका हातानं करून दुसऱ्या हातात पुस्तक धरायला मी शिकलो होतो.

मागच्या श्रावणात ती गेली. नांदेडच्या दवाखान्यात गेली, आणि तिच्या इच्छेप्रमाणे अस्थी कयाधूत सोडल्या. त्या वेळी नदी दोन्ही थड्या भरून वाहत होती. कुठे काय होतं ते ओळखू येत नव्हतं, फक्त करंजाचा शेंडा दिसत होता. त्यानंतर मी घरी आलो आणि घर जसं होतं तसं ठेवलं. तिची चष्म्याची पेटी, तिचा तांब्या, दारामागची तिची चप्पल. पुस्तक उघडायचो, आणि पान उलटायचं राहून जायचं. माणूस गेल्यावर त्याच्या वस्तू जपता येतात, एवढं मला जमत होतं. पण तळ ही वस्तू नव्हती. तो जपून ठेवता येत नव्हता. टाकला तरच तो होता.

होळी झाल्यावर मेहुणीचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, पलीकडून साडूंचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, खोकला ऐकू येत होता. ते जवळा बाजारला कापूस-सोयाबीनचा व्यापार करतात.

“दाजी, यंदा काय करायचं?”

मी म्हणालो, मुलगी येणार आहे, तिला विचारू. मुलगी पुण्याला नोकरी करते. तिनं दुसराच बेत काढला होता. पुण्याजवळच्या तळ्यांच्या काठी तंबू भाड्यानं मिळतात. आत गादी असते, सकाळी नाश्ता आणून देतात. “बाबा, आपण सगळे तिकडे जाऊ. तिथं आईची आठवण येत राहणार नाही,” ती म्हणाली. तिला काय म्हणायचं होतं ते मला समजलं. मेहुणीला हे कळवलं तर ती म्हणाली, “गादी तर घरी बी हाय.”

मग तिघांचं एकत्र बोलणं झालं, फोनवरच, आणि मेहुणीनं निवाडा दिला. “यंदा नदीवर जाऊ. झिरा लागला तर तीन रात्री ऱ्हाऊ. न्हाई लागला, तर दिवस बुडायच्या आत गाडीत बसू, घरी जाऊ. अन् मंग पुन्हा कधी जायाचं नाव घ्यायचं न्हाई. उगं पिकनिकवानी डबे घेऊन ताईच्या नदीवर मी बसणार न्हाई.”

मुलगी म्हणाली, ठीक आहे. मीही हो म्हणालो.

“अन् झिरा दाजी खांदतील,” मेहुणी म्हणाली.

“मी काहून?” मी तिच्याच बोलीत विचारलं.

“मंग कोण? तिचा नवरा तुमी हायत का माझा नवरा?”

पलीकडचा खोकला एकदम थांबला.

*

साडू त्यांची पिकअप घेऊन आले. पहाटे वसमतहून निघालो, ऊन वर यायच्या आत नदीवर पोचलो. मागच्या हौद्यात तंबू, भांडी, बायकोचा तांब्या, पिठाचा डबा, वांगी, काकड्यांची पाटी, आणि मेहुणीनं आठवडी बाजारातून घेतलेली तुराट्यांची नवी टोपली. एका कोपऱ्यात पोत्याखाली काहीतरी गोल झाकलेलं होतं. मेहुणीनं पोतं ओढलं. खाली पाण्याचा मोठा जार.

“हे काय हाय?”

“असू दे ना,” साडू म्हणाले. “लागलं तर.”

“लागलं तर? माझ्या बहिणीच्या तळावर जार?”

“अगं, सर खांदणार हायत,” साडू शांतपणे म्हणाले. “म्हणून आणला.”

मुलगी हसली. श्रावणानंतर ती अशी हसल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं, त्यामुळे मला रागही आला नाही.

नदी बदललेली होती. वाळूच्या गाड्या येऊन गेल्याच्या खुणा होत्या. काठ एका ठिकाणी उतारासारखा कापून काढलेला होता. पात्र आधीपेक्षा खोल वाटत होतं. पण करंज जागेवर होतं, त्याची सावली जागेवर होती, आणि त्याच्यासमोरची वाळू पुरानं सारवल्यासारखी गुळगुळीत पडली होती. चौघंही सरळ त्या वाळूकडे गेलो. इथंच ती खणायची. मेहुणीनं वाळूवर हळदी-कुंकू टाकलं, हात जोडले, आणि फावडं माझ्या हातात दिलं.

मी फावडं आयुष्यात क्वचित धरलं आहे. पहिल्या चार-पाच घावांतच साडू म्हणाले, “सर, खडू न्हाई तो. घट्ट धरा.” मी घट्ट धरलं. वाळू मऊ होती, भराभर निघत होती. मुलगी घमेलं भरून बाहेर टाकत होती. मला वाटलं, हे तर सोपं आहे; इतकी वर्षं मी उगाच बसून राहिलो. मांडीइतकी खोली झाली तेव्हा फावडं चिकटलं. वर काढलं तर पात्यावर काळा गाळ. पुन्हा घातलं, पुन्हा काळा गाळ. त्याला वास येत होता. मुलीनं घमेल्यातून एक प्लॅस्टिकची चप्पल काढली, मग टायरच्या ट्यूबचा तुकडा. तेव्हा साडूंच्या लक्षात आलं. गाड्यांनी इथं खोल खड्डा पाडला होता, आणि पुरानं तो गाळानं भरून वर वाळूची चादर ओढली होती.

“इथं पाणी न्हाई लागत,” ते म्हणाले. “लागलं तरी पेता येणार न्हाई.”

“अजून खांदा,” मेहुणी म्हणाली. “ताईची जागा हाय.”

मी खणलं. ऊन डोक्यावर आलं. मला दम लागला तेव्हा साडू उतरले, त्यांच्यानंतर मेहुणी स्वतः उतरली, पदर खोचून. ती गाळ उपसताना बहिणीशी बोलत होती. “दिसून राहिलं का तुला? लेकीचा रंग पाहा. दाजींचं शर्ट पाहा. जरा मदत कर की.” खाली थोडं पाणी जमलं होतं. ते काळं होतं, त्यावर तेलासारखा तवंग होता. तिनं हट्टानं टोपली आत दाबून बसवली. टोपली गाळात रुतली. वर ओढायला गेलो तेव्हा काड्या मोडल्या, नुसती वरची कड मेहुणीच्या हातात आली. ती कड हातात धरून ती तशीच उभी राहिली आणि मग खड्ड्याच्या काठावर बसून रडली. मुलगी तिच्या शेजारी जाऊन बसली. दोघींच्या अंगाला इतका गाळ लागला होता की डोळे कशानं पुसावेत हे दोघींना कळेना.

बाटल्यांतलं पाणी संपलं होतं. आम्ही करंजाखाली काकड्या खाल्ल्या. साडूंची नजर पिकअपकडे जात होती. जार तिथं होता. कुणी हात लावला नाही. जारचं झाकण निघालं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती, हे सगळ्यांना माहीत होतं.

मी सवयीनं पिशवीतून पुस्तक काढलं आणि खोडाला टेकलो. वाचत नव्हतो. डोळे मिटले होते. त्या जागी त्या झाडाखाली मी इतके उन्हाळे तसाच बसलेलो होतो की कानांना सवयीनं तिची हाक अपेक्षित होती. पाणी लागलं की ती जोरात ओरडायची, “अहो, लागलं!” मी पुस्तकातून मान वर न करता “आलो” म्हणायचो. ती हाक कशी यायची ते मी आठवू लागलो, आणि आठवता आठवता ताठ बसलो.

एका वर्षी ती डावीकडून, खडकामागून आली होती. तेव्हा ती घुमली होती, नीट कळली नव्हती. मुलगी रांगत होती त्या वर्षी हाक इतक्या लांबून, पलीकडच्या थडीवरून आली होती की मला वाटलं दुसरंच कुणी ओरडतंय. एका वर्षी ती पाठीमागून आली होती. मी दचकलो होतो, लसूण सांडला होता. झाडासमोरून हाक आली ती दोन-तीनदाच. गेली दोन-तीन वर्षं लागोपाठ ती झाडासमोर खणत होती, म्हणून आम्ही सगळ्यांनी ती तिची जागा करून टाकली होती. तिची जागा अशी नव्हतीच. पूर आला की वाळू सरकते, वाळू सरकली की पाणी सरकतं. ती दर वर्षी नव्यानं शोधायची.

मी हे सांगितलं.

मेहुणी म्हणाली, “तुमाला काय ठाव? तुमी तर बुकात ऱ्हायचे.”

“बुकात डोळे होते,” मी म्हणालो. “कान नव्हते.”

मेहुणीनं हातातली काकडी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, “खडकामागं, व्हय. माझ्या हळदीच्या साली. माझ्या पायाला काच लागली होती तिथं.” आणि मग, “मंग ती शोधायची कशी?”

हेही मला आता दिसत होतं. गाडीतून उतरल्याबरोबर ती चपला हातात घेऊन वाळूभर फिरायची. आम्हाला वाटायचं, माहेरची नदी, भेटून घेतेय. आम्ही तिला हाका मारून मारून थकायचो.

मी बूट काढले. मोजे काढले. त्यावर मेहुणीला हसू आवरेना, रडून लाल झालेल्या डोळ्यांनी ती हसत सुटली. “अगं बाई, दाजींचे पाय! इतक्या वर्षांत पाहिले न्हाईत. ताईनं तरी पाहिले होते का?”

उन्हं कलली होती. वाळूचा वरचा ताव ओसरू लागला होता, पण माझ्या तळव्यांना ती तव्यासारखीच वाटत होती. मी टाचांवर, मग चवड्यांवर, असा नाचत चाललो. साडूंनी लांबून टाळ्या वाजवल्या. मी खडकापर्यंत गेलो, खडकामागे गेलो, कापलेल्या उताराच्या कडेनं गेलो. सगळीकडे पोळत होतं. मुलगी माझ्यामागून येत होती. तिनंही चपला काढल्या होत्या. पलीकडच्या थडीकडे नदी वळते तिथं आम्ही पोचलो. तिथं सावली नाही, शेळ्या-म्हशींची वाट तिथूनच जाते, तळ टाकायला कुणी निवडणार नाही अशी उघडी जागा. आणि तिथं माझ्या डाव्या पायाला बरं वाटलं.

मी थांबलो. एक पाऊल पुढे टाकलं, पोळलं. मागे घेतलं, बरं वाटलं.

“इथं उभी राहा,” मी मुलीला म्हणालो.

ती उभी राहिली. तिनं खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “बाबा, गार आहे.”

फावडं मी मागितलं नाही, स्वतः जाऊन आणलं. या खेपेला साडू खडूचं काही बोलले नाहीत. गुडघ्याइतकं खणल्यावर वाळूचा रंग बदलला, पांढरट होती ती गव्हाळ झाली. आणखी थोडं खणल्यावर ती मुठीत धरली तर मूठ ओली झाली. गाळ नव्हता. वास नव्हता. सगळी स्वच्छ, भरड वाळू. मग फावड्याच्या पात्यामागे चमकलं, आणि त्याच वेळी एका बाजूची कड धपकन आत आली. पुन्हा काढली, दुसरी बाजू आली. जितकं उपसावं तितकं आत येत होतं. पाणी खाली होतं, मला त्याचा आवाजही येत होता, पण दाखवण्याइतकं ते एक क्षणही थांबत नव्हतं. टोपली असती तर काम झालं असतं. टोपलीची फक्त कड उरली होती.

सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला होता. साडू म्हणाले, “सर, दिवस बुडायला आला. ठरलं होतं तसं... पुढच्या वर्षाचं पाहू.”

“पुढच्या वर्षाचं ठरलं न्हाई,” मेहुणी म्हणाली. “कधीच न्हाई, असं ठरलं होतं.”

मी खड्ड्यातून वर पाहिलं. मला जार हवा होता.

“जार आणा,” मी म्हणालो.

मेहुणीचा चेहरा उतरला. मुलगी म्हणाली, “ठीक आहे, बाबा. तुम्ही खूप केलंत.” साडू घाईघाईनं गेले आणि जार खांद्यावर घेऊन आले. पेला पुढे केला. मी जारचं झाकण काढलं आणि मेहुणीला म्हणालो, “हात पुढे कर.” तिनं न कळून हात पुढे केले. मी जार तिच्या गाळभरल्या हातांवर वाकवला.

“अहो सर! सर! प्यायचं पाणी हाय ते!”

“प्यायचं पाणी इथं आहे,” मी म्हणालो. “यानं हातपाय धुवा. आणि मग याची दोन्ही टोकं कापा. मला बांगडी पाहिजे.”

साडूंना सगळ्यात आधी कळलं. त्यांनी जारकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, “अन् पाणी न्हाई लागलं तर? घरी जाईपर्यंत काय प्यायचं?” उत्तर मेहुणीनं दिलं. तिनं ओंजळभर पाणी नवऱ्याच्या तोंडावर मारलं. मग मुलीनं तिच्यावर मारलं. पुढचा काही वेळ त्या वाळूवर चार मोठी माणसं लहान पोरांसारखी वागली. दिवसभराचा गाळ अंगावरून ओघळला. जार रिकामा झाला. साडू “दुकानदाराला काय तोंड दाखवू” असं म्हणत म्हणत गाडीतल्या हत्यारांतून लोखंड कापायचं पातं घेऊन आले, आणि जारचं बूड अन् मान त्यांनी स्वतःच कापून काढली. चांगली सफाईनं कापली. एका बाजूची धारही दगडानं घासून बोथट केली.

मी खड्ड्यात गुडघे टेकले. ती प्लॅस्टिकची बांगडी वाळूत उभी धरली, वरून साडूंनी दाबली, मी आतली वाळू तांब्यानं काढत गेलो. बांगडी इंच इंच खाली गेली. कडा ढासळत होत्या, पण आता बाहेरच्या बाजूला ढासळत होत्या. आत माझा हात कोपरापर्यंत गेला, आणि मग मनगट गार झालं. मी हात हलवला नाही. पाणी मनगटावरून वर चढत होतं. गढूळ होतं. मी तांब्या भरून बाहेर टाकला. पुन्हा चढलं. पुन्हा टाकला. मुलगी मोबाइलचा दिवा धरून वाकली होती. उपसता उपसता असा एक तांब्या आला की त्याच्या बुडाशी कोरलेलं बायकोचं नाव मला पाण्यातून स्पष्ट वाचता आलं.

मी ओरडलो. वर्गातही मी कधी आवाज चढवला नव्हता. “लागलं!” असं मी असा काही ओरडलो की पलीकडच्या शेतातलं कुत्रं भुंकायला लागलं.

मेहुणीनं तांब्या माझ्या हातातून घेतला नाही. “पहिला तुमीच द्या,” ती म्हणाली. मी तो वाळूवर ओतला, जिथं नदी वाहायला पाहिजे होती तिथं. वाळूनं तो लगेच पिऊन टाकला. दुसरा मुलीला दिला. ती घटाघट प्यायली, मध्ये श्वास घेतला, पुन्हा प्यायली. मग साडू, मग मेहुणी, शेवटी मी. पाणी कसं लागलं ते मी लिहीत नाही. ज्यांनी झिऱ्याचं पाणी प्यायलंय त्यांना सांगायची गरज नाही, आणि बाकीच्यांना सांगून कळणार नाही.

“आता काय बघून राहिले?” मेहुणी नवऱ्यावर ओरडली. “उतरवा सामान! तळ पडला!”

तंबू उभा करताना दर वर्षीसारखीच भांडणं झाली. साडूंनी खुंट्या उलट्या ठोकल्या. वांगी विस्तवात भाजली, भाकरी मेहुणीनं थापल्या, लसूण मी सोलला. मुलगी जेवताना म्हणाली की पुण्याच्या तिच्या मैत्रिणींना पुढच्या चैत्रात इथं आणायचंय, त्यांना गादीशिवाय झोपता येतं का बघायचंय. मेहुणी म्हणाली, “आण. पण आधी पाय दाखवायला सांग.”

त्या रात्री मी झोपलो. श्रावणानंतर पहिल्यांदा नीट झोपलो, हे सकाळी उठल्यावर समजलं.

सकाळी मी झिऱ्यापाशी बसलो होतो. पाणी काठोकाठ वर आलेलं होतं, तळाची वाळू कण न् कण दिसत होती. तांड्यावरची एक बाई शेळ्या घेऊन त्या वाटेनं आली. डोक्यावर रिकामी कळशी होती. आमच्याकडे दुसऱ्याच्या झिऱ्याला विचारल्याशिवाय हात लावत नाहीत. ती लांबच थांबली आणि तंबूकडे तोंड करून तिनं विचारलं, “झिरा कुणाचा हाय जी?”

मेहुणी चुलीपाशी बसून चहा ढवळत होती. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. “आमच्या दाजींचा,” ती म्हणाली. “भरा.”

बाईनं माझ्याकडे पाहिलं. माझा फाटका शर्ट, हाताच्या फोडांवर बांधलेल्या चिंध्या, अनवाणी पाय. तिनं कळशी भरली, एक ओंजळ पिऊन पाहिली, आणि मान डोलावली.

“ग्वाड हाय. उद्या बी हायत का तुमी?”

“आहोत,” मी म्हणालो. “परवाही आहोत.”